वाऱ्यावरचा दिवा

विनोदिनीने पदराच्या टोकाने वीज मोजायच्या मीटरची काच पुसली आणि डोळे बारीक करून काटा पाहिला. तांबड्या रेघेला अजून बोटभर कमी होता. सकाळी दोन बोटे कमी होता.

ओसरीतल्या फळीवर तेजाबाने भरलेली तीन काचेची भांडी ओळीने ठेवली होती. ही फळी तिने दोनदा उंच करून घेतली होती आणि वर भांड्यांभोवती सुतळीही बांधली होती. तिचा बापू अवघा आठ महिन्यांचा, अजून धड रांगतही नव्हता. पण एक दिवस तो उभा राहणार होताच. भांड्यांतल्या शिशाच्या पत्र्यांपासून दोन तारा भिंतीच्या कडेने गच्चीवर गेल्या होत्या. तिथे सागाच्या खांबावर चार पात्यांची पवनचक्की फिरत होती आणि तिच्या मागे, इंदूरला बंद पडलेल्या एका बायस्कोपच्या तंबूतून आणलेला डायनॅमो घुमत होता. वारा दिवसा जे देईल ते या भांड्यांत साठवायचे आणि रात्री त्यावर एक लहानसा विजेचा दिवा लावायचा, असा तिच्या नवऱ्याचा, माधवरावांचा बेत.

दिवा बापूसाठी होता. खरे म्हणजे विनोदिनीसाठी.

पौषात बापूची छाती भरली होती. चार रात्री तो दम लागून निळा पडत होता. तेव्हापासून विनोदिनी उशाशी घासलेटची चिमणी ठेवून त्याची छाती वरखाली होताना पाहत रात्र काढी. बापू तरला, पण खोकला काही गेला नाही. परवा डॉक्टर बळवंतरावांनी बापूला तपासून झाल्यावर मान वर केली, काळे पडलेले आढे पाहिले आणि म्हणाले, "या खोलीत ज्योत नको. घासलेटची नको, तेलाचीही नको." तेव्हापासून दोन रात्री तिने अंधारात काढल्या, बापूच्या छातीवर तळहात ठेवून. हात जड होईल म्हणून उचलायचा, आणि उचलला की लगेच पुन्हा ठेवायचा.

माधवराव दरबारच्या बांधकामाकडे ओव्हरसियर. पहाटे टोंकखुर्दच्या तलावावर जायला निघताना त्यांनी सगळे लावून दिले होते. गच्चीवर उमाशंकर मिस्त्री बसेल. दोरी त्याच्या हाती. दोरी ओढली की चक्कीचे शेपूट मुडपते, पाती वाऱ्याला कड देतात आणि थांबतात. पण मागच्या खेपेला उमाशंकरने चांगला वारा सुटलेला असताना घाबरून ती थांबवली होती.

"बाईसाहेबांना विचारल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही," माधवरावांनी त्याला बजावले होते. "काटा त्यांना कळतो."

"कांटो बाईसाब समझे," उमाशंकर जिन्यात पाय ठेवता ठेवता म्हणाला होता, "ने हवा म्हूं समझूं, भिया."

दुपार कलली तशी टेकडीकडून झळ यायला लागली आणि तिच्यामागून वारा. अंगणातला कडुनिंब एका बाजूला झुकला. ओसरीच्या वळचणीमुळे विनोदिनीला चक्की दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. सकाळपासूनची सावकाश फरफर आता सलग झाली होती.

वरून हाक आली.

"बाईसाब, बढ़ा दूं कंई?"

विनोदिनी पुण्याची. तिथल्या कॉलेजात दोन वर्षे काढलेली. लग्न होऊन देवासला आल्यावर इथले बोलणे तिच्या कानांवर पडू लागले होते, पण अजून ते कानांपर्यंतच होते. वाढवायची? आणखी? तिने आतल्या खोलीकडे पाहिले. बापू पाळण्यात झोपला होता आणि खांब नेमका त्याच खोलीच्या भिंतीवर रोवला होता, कारण घरात भक्कम भिंत तेवढीच.

सरळ थांबवायलाच सांगावे, असे तिच्या ओठांवर आले. मग तिने काट्याकडे पाहिले. आज काटा रेघेला टेकला नाही तर आजची रात्रही अंधाराची.

"नको," तिने वर तोंड करून सांगितले. "वाढवू नका. आहे तेवढीच चालू द्या."

वरून आवाज आला, "जसी मरजी."

काटा केसभर सरकला. वारा मात्र केसभराने वाढत नव्हता. फरफरीचा आता घुमारा झाला होता आणि तो भिंतीतून ओसरीच्या फरशीत, फरशीतून तिच्या पावलांत उतरत होता. फळीवरच्या भांड्यांत तेजाबावर बारीक बारीक वलये उठू लागली.

"बाईसाब, अब तो बढ़ा दूं?"

"नको म्हटलं ना. आणि वाढवली का तुम्ही? मी वाढवू नका म्हणत असताना?"

"म्हने कां बढ़ाई?" उमाशंकरचा आवाज रडवेला झाला होता. "तम बढ़ावा ज नी दो."

हा माणूस वर बसून आपल्याशी थट्टा करतो आहे की काय, असे तिला वाटले. तेवढ्यात खांबाने कुरकुरून आवाज दिला आणि आतल्या खोलीत छतावरून मातीचे दोन खडे पडले. विनोदिनी आत धावली. पाळण्यातून बापूला उचलून छातीशी धरले आणि उन्हातच अंगणात आली. आता तिला चक्की दिसली. पाती दिसतच नव्हती. त्यांच्या जागी एक करडी थाळी थरथरत होती. खाली खांबाला मिठी मारल्यासारखा उमाशंकर बसला होता. दोरी त्याच्या मुठीत होती आणि डोळे विनोदिनीकडे.

मागच्या दारातून अक्का आली. माधवरावांची ही थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी परतलेली. हातांना डाळीचे पीठ तसेच होते.

"अगं, हे चाललंय काय? तो केव्हाचा विचारतोय, वाढवू का म्हणून."

"आणि मी केव्हाची नको म्हणतेय, वन्सं."

अक्काने तिच्याकडे पाहिले. मग वर पाहिले आणि पिठाचा हात हलवत म्हणाली, "उमाशंकर, बढ़ई दे रे बाबा. बढ़ई दे."

"वन्सं," विनोदिनीने तिचा दंडच धरला. "अहो, मोडेल ते. बापूची खोली आहे खाली."

उमाशंकरने दोरी ओढली. शेपूट मुडपले. थाळीत आधी एक फट पडली, मग चार. मग पाती वेगळी दिसू लागली आणि थकलेल्या माणसाने हात खाली सोडावेत तशी हळूहळू थांबली. एकदम इतके शांत झाले की कडुनिंबाची सळसळ ऐकू आली. बापूने तिच्या खांद्यावर लाळेचा डाग पाडला होता. तो पूर्ण जागा होता आणि त्याला काहीच झाले नव्हते.

"आमच्याकडे दिवा विझव म्हणत नाहीत," अक्का म्हणाली. "दुकान बंद कर म्हणत नाहीत. वाढव म्हणतात. मिस्त्री माणूस, ज्यातून उजेड यायचाय ते यंत्र बंद करू का म्हणून कोणत्या तोंडाने विचारील?"

नारळ वाढवतात, हे विनोदिनीला माहीत होते. बांगडी फुटली तर वाढली म्हणतात, हेही. पवनचक्की वाढवतात हे तिला माहीत नव्हते.

"तुमच्या कॉलेजात शिकवलं नाही वाटतं हे," अक्का म्हणाली, आणि हसू आवरायला तिने पिठाचा हात तोंडाशी नेला, तो नाकाला लागला.

गच्चीच्या कठड्यावरून उमाशंकर वाकला. "बाईसाब, गुस्सा तो नी हो?"

विनोदिनीने नुसती मान हलवली आणि मग तीही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ओसरीत परत जाऊन तिने काट्याकडे पाहिले. तो तांबडी रेघ ओलांडून पलीकडे गेला होता.

दिवेलागणीला माधवराव आले ते घोड्यावरून उतरून थेट फळीपाशी. काचेवर टिचकी मारली, पुन्हा पाहिले.

"आज थांबवली नाहीस?" त्यांनी उमाशंकरला विचारले. "एवढ्या वाऱ्यात?"

उमाशंकरने ताकाचा पेला खाली ठेवला. एकदा अक्काकडे पाहिले, एकदा विनोदिनीकडे.

"बाईसाब ने चलवाई, भिया. म्हारो तो जीव मूंडा में अई ग्यो थो."

माधवराव बायकोकडे वळले. पुरचुंडीतल्या पावडरीच्या मात्रेपासून पाळण्याच्या गाठीपर्यंत सगळे तीनतीनदा पाहणारी ही बाई.

"धीराची आहे बरं तुझी बायको," अक्का म्हणाली आणि देवघराकडे निघून गेली.

आवळ्याएवढा काचेचा गोळा पाळण्यापासून हातभर दूर टांगला होता. माधवरावांनी तारेचे टोक जोडले. गोळ्यातला तंतू आधी तांबूस झाला, मग पिवळा. बापूची पापणी, नाकपुडी, गळ्याखालची खळी, सगळे दिसू लागले. विनोदिनीने श्वास आत ओढून पाहिला. या उजेडाला वास नव्हता.

माधवरावांनी वहीत वेळ लिहिली आणि वही, पेन्सिल व खिशातले घड्याळ तिच्या उशाशी ठेवले.

"किती वेळ टिकतो ते कळायला हवं. तू जागी असतेसच. विझेल तेव्हा एवढी वेळ मांडून ठेव."

"विझेल म्हणू नये," विनोदिनी म्हणाली.

माधवरावांना काही कळले नाही. ती बापूकडे तोंड करून कुशीवर वळली.

"कधी गेला?"

विनोदिनीने डोळे उघडले. माधवराव दारात उभे होते. भिंतीवर उजेड होता, पण तो सकाळचा, खिडकीतून आलेला होता. गोळा राखाडी होऊन नुसता लोंबत होता. बापू कधी पाळण्यातून तिच्या अंथरुणात आला होता, कोणी आणून ठेवला होता, तिला आठवेना. तो जागा होता, मंगळसूत्राचे मणी मुठीत धरून तिच्याकडे पाहत होता. खोकत नव्हता.

वही उघडीच होती. माधवरावांच्या ओळीखाली काही नव्हते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे? जवळ तर होतीस."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडले, पण डोळे पुन्हा मिटत होते आणि ते मिटू नयेत म्हणून तिने काही केले नाही.

माधवराव आत आले. मग वाकून त्यांनी बापूच्या मुठीतले मणी सोडवले, त्याला उचलले, वही मिटली आणि पावलांचा आवाज न करता माजघरात आले. अक्का दळायला बसली होती.

"अक्का, जातं जरा वेळ राहू दे."

"का रे?"

"ती झोपलीय."

अक्काने खुंट्यावरून हात काढून घेतला आणि सुपातले गहू समोर तसेच ठेवून ती बसून राहिली.