दोन काचांमधलं पाणी

पारसमल शेठच्या माडीवर दुहेरी काचेची एक खिडकी होती. तशी खिडकी त्या काळात सगळ्या दोंडाईच्यात दुसरी नव्हती. जाड सागवानी चौकट, तिच्यात एकामागे एक अशा दोन काचा, मधे चार बोटांची पोकळी, आणि कडेनं चहूबाजूंनी लांबी भरलेली. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळली की लांबी होते. हिलाल मिस्त्री ती कणकेसारखी मळायचा, तिची सुरळी करून काचेच्या कडेला ठेवायचा आणि अंगठ्यानं दाबत जायचा. मी शेठच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो आणि तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. हिलालचं काम चालू असलं की ते बघण्यात मला शाळेत जायला हमखास उशीर व्हायचा.

खिडकी दुहेरी का, याचं कारण भिंतीपलीकडेच होतं. घराला लागून शेठची जिनिंग फॅक्टरी होती. दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिथं कपाशीच्या बैलगाड्यांची रांग लागे, यंत्रं रात्रंदिवस खडखडत राहत आणि हवेत कापसाचे बारीक तंतू उडत. त्या दिवसांत वाळत घातलेल्या काळ्या कोटावर तासाभरात पांढरी लव बसायची. शेठच्या आईला, पानबाईंना, दमा होता. शेठनी मुंबईला एका कचेरीत रस्त्याचा गोंगाट अडवणारी दुहेरी काच पाहिली होती. तिचं चित्र कागदावर काढून आणून त्यांनी हिलालकडून तशी खिडकी करून घेतली. ती उघडत नसे. खोलीत उजेड यायचा. आवाज आणि कापूस बाहेरच राहायचा.

अडुसष्ट सालच्या श्रावणात पानबाई न्हाणीत पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांना कुशीवर वळवायचं म्हटलं तरी त्या ओठ चावून धरत, मग उचलून कुठं नेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचा एक नेम होता. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हापासून देवळात जाऊन दर्शन घेतल्याशिवाय त्यांनी कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. आता देवळात जाणं संपलं. एका मुनिमहाराजांनी त्यांना सांगितलं, की शिखरावरचा ध्वज दिसला तरी दर्शन झालंच समजा. शेठनी खाट दुहेरी काचेच्या खिडकीपाशी लावली. तिथून तीन गल्ल्यांपलीकडच्या देवळाचा ध्वज दिसायचा. सकाळी ध्वज पाहायचा, हात जोडायचे, मग उकळून गार केलेलं पाणी प्यायचं. सूर्य मावळला की पुन्हा पाणी बंद.

दिवाळीपर्यंत सगळं ठीक चाललं. उन्हाळ्यात खिडकीची लांबी तडकली होती, म्हणून हंगाम सुरू होता होताच हिलालनं बाहेरची काच काढून नव्यानं बसवली. थंडी पडू लागली, आणि एका सकाळी पानबाईंना ध्वज दिसेना. काच दुधासारखी झाली होती.

शेठच्या बायकोनं, प्रेमकुंवरबाईंनी, आतून काच पुसली. काही फरक नाही. शिडी लावून नोकराकडून बाहेरून पुसून घेतली. तरी नाही. वाफ धरली होती ती दोन काचांच्या मधे, जिथं कुणाचा हात पोचत नव्हता. साडेदहा-अकराला ऊन काचेवर आलं की ती विरायची, आणि तेव्हा कुठं पानबाई पाणी मागायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हिलालनं दोनदा येऊन जुन्या लांबीवर नवी लांबी चढवली. दुसऱ्यांदा तो खाली उतरला तेव्हा मी अंगणात होतो. शिडीला टेकून त्यानं बिडी काढली, पण पेटवली नाही.

"गुरुजी, लाकूड सुकं शे, लांबी पक्की शे," तो म्हणाला. "मंग पानी येस कोठून?"

मी त्याला विचारलं, की मधल्या पोकळीत काय काय आहे. तो म्हणाला, काही नाही. खाली तळाशी धूळ धरायला आणि काच खडखडू नये म्हणून कापसाचा थर असतो, पट्टीखाली झाकलेला. पहिला काळा पडला होता, तो काढून दिवाळीत नवा घातला. शेठनी स्वतः आणून दिला, एकदम उंची रुई. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

मग मार्गशीर्षात एका बुधवारी आभाळ आलं. ऊन पडलंच नाही. दिवसभर काच पांढरीच राहिली आणि पानबाई त्या दिवशी तशाच कोरड्या राहिल्या. प्रेमकुंवरबाई तीनदा गच्चीवर जाऊन आल्या आणि तीनदा त्यांनी सांगितलं, की मी पाहिला ध्वज, तुमच्या वतीनं पाहिला. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, मग पाणीही तूच पी. गुरुवारी दुपारी उशिरा ऊन पडलं तेव्हा कुठं त्या पाणी प्यायल्या, आणि डॉक्टर आले. या वयात असे आणखी दोन-चार दिवस गेले तर मूत्रपिंडं काम करणार नाहीत, असं त्यांनी शेठना बाजूला घेऊन सांगितलं. खिडकी फोडून टाकू म्हणावं तर हंगाम ऐन भरात होता. एकदा नुसतं शेजारचं दार उघडं राहिलं तर पानबाई तासभर खोकत होत्या, आणि त्या खोकल्यानं खुब्यातून कळा येत होत्या.

गुरुवारी संध्याकाळी शेठनी मला वर बोलावलं. खोलीच्या दाराबाहेर बोळात आम्ही उभे होतो. माझ्यापेक्षा वयानं, मानानं मोठा माणूस, पण माझ्याकडे न बघता बोलत होता.

"गुरुजी, आईची नजर आता अधू झाली आहे. काचेत काय दिसतं, काय नाही, तिला नीट कळत नाही. उद्या सकाळी तुम्ही आत या आणि म्हणा, मांजी, तो बघा ध्वज. माझं ती ऐकणार नाही, बहूचं ऐकणार नाही. तुमचं मानेल."

पोरांना फळ्यावर चुकीचा आकडा लिहून दाखवला तर पोरं मानतात, म्हणूनच तो लिहायचा नसतो. पण समोर तहानलेलं म्हातारं माणूस होतं. मी शेठना म्हणालो, ऊन पडतं आहे तोवर रविवारपर्यंत थांबा. रविवारी सकाळी काच तशीच असली तर तुम्ही म्हणाल ते मी बोलेन. त्यांनी माझा हात धरला आणि सोडून दिला.

शुक्रवारी मी सातवीच्या वर्गाला तोच प्रश्न घातला. घट्ट बंद केलेल्या काचेत पाणी येतं कुठून? चाळीस पोरं आणि चाळीस उत्तरं. दहिवर आत शिरतं. काचेला घाम येतो. एकानं तर शेठच्या घरात भूत असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, आपण काचेलाच विचारू. घरून मुरंब्याच्या, औषधाच्या पांढऱ्या काचेच्या बाटल्या आणा, आणि आत घालायला लाकडाचा भुसा, वाळू, कापूस, काय मिळेल ते. दुपारच्या सुट्टीनंतर पाच बाटल्या तयार झाल्या. एक रिकामी, एकीत वाळू, एकीत भुसा, दोहोंत कापूस. बुचांवर मेण ओतलं आणि शाळा सुटताना त्या ओट्यावर उघड्यावर मांडून ठेवल्या. त्या रात्री थंडी चांगलीच पडली.

शनिवारी सकाळची शाळा. मी जाईपर्यंत पोरांनी ओट्याला गराडा घातला होता. चार बाटल्या लख्ख होत्या. पाचवी आतून पांढरी झाली होती. तिच्यात कापूसच होता, पण शेजारी उशीतला कापूस घातलेली बाटली होती, तिच्यात वाफेचा ठिपकाही नव्हता. पाचवी बाटली वर्गातल्या पुष्पाची होती. पोरं तिच्यावर तुटून पडली, की हिनं मुद्दाम पाणी घातलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज खाली आला नाही.

"मी पानी टाकं नही," ती म्हणाली. "ती प्रेसमधनी रुई शे. मना बाप रोज पानी मारस तिले."

तिचा बाप, झुलाल, पारसमल शेठच्याच फॅक्टरीत रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसवर कामाला होता. सरकीपासून सुटलेली रुई कोरडी ठणठणीत असते. तशीच दाबली तर गाठ नीट बांधली जात नाही आणि धागा तुटतो. म्हणून दाबण्याआधी तिच्यावर पाण्याचा हलका शिडकावा करतात. हाताला ती ओली लागत नाही, थोडी गार लागते इतकंच. जन्मभर कापसात वावरलेल्या माणसाला त्या गारव्याचं काही वाटत नाही. आणि दिवाळीत शेठनी आईच्या खिडकीसाठी घरातल्या जुन्या गादीचा कापूस घेतला नव्हता. प्रेसच्या ढिगातून उत्तम रुई स्वतःच्या ओंजळीत आणली होती. हिलालनं ती पट्टीखाली घातली, काच बसवली, लांबी भरली आणि नंतर दोनदा वरून आणखी भरली. पाणी आत कोंडून आम्ही ते बाहेरून येतं म्हणून शोधत होतो.

शाळा सुटताच मी फॅक्टरीत गेलो आणि शेठसमोर दोन्ही बाटल्या ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी पांढरी बाटली उचलली, उजेडात धरली, बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग मुकादमाला हाक मारून सांगितलं, की यंत्रं बंद करा. मुकादमाला वाटलं काही अपघात झाला. बाहेर शिंदखेड्यापर्यंतच्या गावांतून आलेल्या गाड्या उभ्या होत्या, गाडीवाले कुरकुरले. शेठ म्हणाले, सगळ्यांना चहा द्या, संध्याकाळी सुरू करू.

हंगामात ती खडखड थांबलेली कुणी ऐकली नव्हती. अर्ध्या गावानं विचारपूस केली. हवेतला कापूस खाली बसायला तासभर लागला. मग हिलाल शिडीवर चढला आणि त्यानं तीन थरांची लांबी कोरून काढली. बाहेरची काच उतरवली. पट्टीखालची रुई काढून त्यानं शेठच्या हातावर ठेवली. पिवळट पडलेली, गार. शेठनी ती मुठीत दाबली आणि तशीच खिशात घातली.

आतून पानबाई सगळं बघत होत्या. मी त्यांच्या खाटेशेजारी उभा राहून चौकटीत कळीचा चुना ठेवायचं सुचवलं, ओल शोषून घेईल म्हणून. पानबाईंनी विचारलं, चुन्यात मुंगी गेली तर काय होतं? मी खरं ते सांगितलं. मग चुना नको, त्या म्हणाल्या. माझ्या पाण्यासाठी मुंगी कशाला? हिलाल बाहेरून हसला. तो म्हणाला, मांजी, मुंगीले वाटच देत नही. चौकटीची लाकडं त्यानं दुपारच्या उन्हात कोरडी होऊ दिली, प्रेमकुंवरबाईंनी गच्चीवर वाळवून ठेवलेला जुन्या रजईतला कापूस तळाशी घातला, आणि बाहेरच्या बाजूनं खालच्या लाकडात गिरमिटानं एक बारीक भोक पाडून त्यावर दुहेरी मलमल ठोकली. आतली हवा तिथून श्वास घेईल, मुंगी मात्र शिरणार नाही. काच बसली, नवी लांबी भरली आणि दिवे लागायच्या आत यंत्रं पुन्हा सुरू झाली.

तेव्हापासून दर वर्षी आखाजी झाली की मी आणि हिलाल त्या खिडकीची बाहेरची काच उतरवून आतला कापूस बदलायचो. मुलांना मी अजून सांगतो, की अशी काच बसवायची तर वैशाखातल्या दुपारी बसवावी, आपल्याकडच्या हवेत तेव्हा पाण्याचा अंश नसतो. आत घालायचं ते तीन उन्हं दाखवून घालावं. लांबीवर आठ दिवसांनी रंगाचा हात द्यावा, नाहीतर ती तडकते. आणि घाईनं वरून थर चढवू नये, आधी आत काय आहे ते पाहावं.

त्या रविवारी पहाटे मी वर गेलो तेव्हा शेठ दारातच उभे होते. आत जायचं त्यांना धाडस होत नव्हतं. खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागावर अजून हलकी वाफ होती. लाकूड एका दुपारीत पुरतं वाळलं नव्हतं. खालचा भाग मात्र स्वच्छ होता. उजेड वाढत गेला. छपरं दिसू लागली, मग शिखर, मग ध्वज. वारा नव्हता, तो काठीला चिकटून लोंबत होता.

मी काही बोललो नाही. पानबाईंचे डोळे किती अधू आहेत ते मला माहीत नव्हतं. त्यांनी मान थोडी उशीवरून उचलली, हात जोडले, ओठ हलले. मग "बहू" अशी हाक मारली. सूर्योदयानंतर त्यांच्या धर्माप्रमाणे थांबायचा वेळ त्या थांबल्या, आणि मग प्रेमकुंवरबाईंनी पुढं केलेला पेला दोन्ही हातांनी धरून पूर्ण रिकामा केला. आणखी एक मागितला. शेठ जिना उतरून खाली गेले. प्रेमकुंवरबाई डोळ्याला पदर लावत पेला घेऊन गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

"गुरुजी, पारस गुरुवारी तुमच्याकडे काय मागत होता ते मी ऐकलं," पानबाई म्हणाल्या. "या काचांमुळं यंत्राचा आवाज आत येत नाही. मग बोळातलं सगळं ऐकू येतं."

मी दाराकडे पाहिलं.

"तुम्ही आत येऊन म्हणाला असतात ना, की तो बघा ध्वज, तर मी हात जोडले असते. खोटं आहे हे कळत असूनसुद्धा. पाणी प्यायले असते." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "तहान फार होती हो. तुम्ही रविवार म्हणालात, तरी शुक्रवारी सकाळी मी तुमची वाट बघत होते."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"हे पारसला सांगू नका. त्याला वाटेल, एवढी फॅक्टरी बंद ठेवली ती उगाच."

मी नाही सांगितलं. पानबाई त्यानंतर दोन हंगाम होत्या. आता शेठही राहिले नाहीत, म्हणून लिहितो आहे.