माहेआताचे हात

“हात नुसते मांडीवर ठेव म्हटलं ना!” गोरा चित्रकार कुंचला आपटत ओरडला.

“नुसते? आजारी आहेत का ते?” माहेआता म्हणाली आणि टोपीसाठी विणायला घेतलेली केवड्याच्या सुक्या पात्यांची वेणी तिने आणखी बोटभर पुढे नेली.

रविवारी चर्चमध्ये निम्म्या गावाच्या डोक्यावर तिच्या हातच्या टोप्या असत. नवऱ्याला समुद्राने नेलं, तेव्हापासून याच हातांनी तिने तीन मुली वाढवल्या होत्या. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे. चित्राला बसायचं कबूल करताना तिने बजावलं होतं, “बसेन, पण हात चालू राहतील.” त्याने मान डोलावली होती. मान डोलवायला गोऱ्यांचं काय जातंय!

शेजारची तेतुआ आधीच फसली होती. “दिवसभर ओढ्यावर कपडे बडवून माझी कंबर मोडली, आणि या मेल्याने चित्रात मला आंब्याखाली लोळवलं!” ती सांगत सुटली होती. “आता फ्रान्सच्या बायका म्हणतील, ताहितीत कामधंदाच नाही!”

माहेआताला तीच धास्ती होती. आपण कधी जाणार नाही त्या देशात आपलं तोंड ऐतखाऊ म्हणून टांगलं जायचं.

चित्रकाराने उठून वेणी तिच्या हातातून काढून घेतली. “मला शांतता हवी आहे. फळं, सावली, सुख.”

माहेआता उभी राहिली. “माझं सुख तुझ्या हातात आहे, पोरा. दे इकडे.”

“बोटं हलली तर काढू कशी? परवा जहाज सुटतंय!”

“मग हलणारी काढ. जमत नसेल तर आंबे काढ, ते हलत नाहीत.”

त्याने वेणी परत दिली. मग दोन दिवस तो रंग लावत होता, खरवडत होता, पुन्हा लावत होता.

जहाजाच्या दिवशी चित्र गाडीत चढवताना गाव जमलं. चेहरा हुबेहूब होता. मांडीवर मात्र तपकिरी फटकाऱ्यांची नुसती धांदल होती.

“अगं बाई, बोटं कुठायत हिची? पपईचा गर झालाय नुसता!” तेतुआ खिदळली.

चित्रकार ओशाळला. “सांगशील तर पुसतो. साधे हात काढतो.”

माहेआताने चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्या फटकाऱ्यांकडे पाहता पाहता तिचा ऊर भरून आला.

“खबरदार पुसलेस तर,” ती म्हणाली. “माझेच आहेत.”

गाडी निघाली. नारळीच्या वळणापर्यंत ती शेजारून चालत गेली, टोपीचा काठ विणत.