गोरखचा चष्मा

माझ्या लेकीची, मोनिकाची पाळी दोन महिने चुकली आणि ते मला, गावच्या आशाताईला, कळलं नाही. गावातल्या प्रत्येक बाईची तारीख मला तोंडपाठ. घरातलीचीच विचारायची राहिली.

सगळं त्या डब्यापासून सुरू झालं. निरोधचा लाकडी डबा उपकेंद्राच्या भिंतीला असायचा. ज्याला हवं त्यानं न विचारता न्यावं, म्हणून. गेल्या पोळ्याला पोरांनी त्यातली पाकिटं फोडली आणि फुगे करून सरपंचांच्या बैलांच्या शिंगांना बांधले. मिरवणुकीत बायकांनी तोंडाला पदर लावले, माझा नुसता तिळपापड झाला. डबा घरी आणला, कुलूप घातलं, किल्ली मंगळसूत्रात अडकवली. वर पाटी लावली: फक्त विवाहितांसाठी. बिनलग्नाच्यांना काय करायचंय, असं मी चारचौघांत ठणकावून सांगायचे.

दिवाळीनंतर शेजारचा गोरक्षनाथ दारात आला. एकवीस वर्षांचा, मोनिकाच्याच कॉलेजात.

"काकू, डोकं दुखतंय."

गोळी दिली. तो पाटीकडे बघत घुटमळला. दोन दिवसांनी परत आला, चौथ्या दिवशी पुन्हा. गावात मेडिकल एकच, तेही त्याच्या चुलत्याचं. तरी हा माझ्याकडेच का येतो, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मोठी शहाणी ना मी! त्याच्या आईला सांगितलं, "गीताबाई, पोराचं डोळं तपासून घ्या." आठवड्यात गोरखला चष्मा लागला. डोकेदुखी थांबली म्हणून मीच खूश.

काल मोनिका ओट्याशी उभी राहून रडत म्हणाली, "आई, त्याचं डोकं कधी दुखतच नव्हतं गं. मीच त्याला धाडलं हुतं. चष्मा घालून आला तवा आमी लई हसलो. मंग मागायचं सोडूनच दिलं."

किट काढलं, तपासलं. दोन रेघा. तिला पोटाशी धरून मी ढसाढसा रडले. राग तिचा नव्हता, माझाच होता.

"नगरच्या दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले. "तिथं आपल्याला कुनी वळखत न्हाई. पर कुनाला सांगू नगंस. गीताबाईला तर बिलकूल न्हाई."

पंधरा वर्षं मी गावातल्या बायांना सांगत आलेय, काही लपवू नका.

मोनिकानं डोळे पुसले. माझ्या गळ्यातल्या किल्लीकडे बघत म्हणाली, "म्हंजी परत कुलूपच."