चौथा प्रश्न

परीक्षेला मांडीवर घेतात ना, तसला मी एक जुना पॅड आहे. चिमटा गंजलाय, कोपरा उंदरांनी कुरतडलाय. पण मित्रांनो, धरलेला कागद मी अजून सोडत नाही!

म्हापशाच्या बाजारातून मला कमलाक्षीने आणले. सर्वण गावच्या बाबली मुंडकाराची ही मुलगी. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा. मुंडकारांना हक्क देणारा कायदा येऊन पाच वर्षे झाली होती, आणि पणजीला कायदा शिकणाऱ्या कमलाक्षीला पाहायचे होते की पुस्तकातला कायदा माणसांत उतरतो का.

तिने तीन प्रश्न घेऊन भर पावसात चाळीस घरे पालथी घातली. कायदा ठाऊक आहे? घर तुमचे आहे? भाटकार तुम्हाला काढू शकतो? सगळ्यांची उत्तरे बरोबर आली. कमलाक्षी खूश झाली आणि मीही फुगलो.

कॉलेजातल्या सरांनी मात्र कागद उलटसुलट करून विचारले, "शाई ठिकठिकाणी फुटलीय कशाने?"

"घरं गळतात, सर."

"मग कौलं का बदलत नाहीत?"

कमलाक्षीला घरची चूल आठवली. तिची स्वतःची आई, सुमंगला, छत्री धरून पेज शिजवत होती, आणि त्याचे नवल कधी घरात कुणाला वाटले नव्हते.

पोरगी हटली नाही. चौथा प्रश्न लिहून ती पुन्हा घरोघर गेली: कौले बदलायला कुणाला विचारता? चाळीसही घरांत एकच उत्तर आले. शेवटी तिने मला बापापुढे धरले.

"भाटकाराक," बाबली म्हणाला. "गणपतीपासून विचारतां. तो पळोवया, बघूया म्हणता."

"बाबा, विचारपाची गरजच ना. कायद्यान सांगलां." विचारायची गरज नाही म्हणणारे पान तिने उघडून दाखवले.

"कायदो पणजेंत रावता गो. भाटकार हांगा रावता." बाबलीने दारासमोरच्या वाटेकडे बोट केले.

तिने तेच उत्तर लिहिले: भाटकाराला. पण रोज सकाळी ती मला घेऊन पुन्हा समोर बसे आणि तोच प्रश्न विचारी. बाबली चिडला, हसला, उठून गेला. आठव्या दिवशी आईच्या छत्रीची काडी मोडली. बाबलीने मला हिसकावून घेतले, आपले उत्तर खोडले आणि वाकड्या अक्षरांत लिहिले, "कोणाक ना." कुणालाच नाही! मग त्याने छपराला शिडी लावली आणि तो वर चढला.

तेवढ्यात भाटकार वाटेने आला आणि वर बघत उभा राहिला. मला वाटले, आता बाबली उतरणार! पण तो खाली उतरला नाही. त्याने पुढचे कौल मागितले.

मित्रांनो, मला जपा किंवा चुलीत घाला. पण कागदावर डाग दिसला तर तो पुसण्याआधी, कुठून पडला ते विचारा.