एक गॉज कमी

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सुरक्षिततेची संस्कृती कितपत रुजली आहे, हे मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी प्रश्नावली वाटली. 'चूक होतेय असं वाटलं तर तुम्ही वरिष्ठांना थांबवता का?' यावर झाडून सगळ्यांनी 'नेहमी' अशी खूण केली. माझ्या नणंदेनेसुद्धा! ती तिथली सिस्टर. घरी तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही, पण थिएटरमध्ये मोठ्या सरांसमोर ती मूग गिळून गप्प बसते, हे सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गेले ते कागद उडत, मी स्वतः आत उभी राहून बघते.

पोटाचं ऑपरेशन होतं. सगळं सुरळीत पार पडलं. सर खुशीत होते, टाके घालायला सुई मागत त्यांनी हात पुढे केला. नणंद वापरलेले गॉज, म्हणजे रक्त टिपायच्या जाळीदार घड्या, मोजत होती. तिने सुई दिलीच नाही.

"थांबा सर. एक गॉज कमी आहे."

बोलली की बाई एकदाची! सर थांबले. पोटात पुन्हा शोधलं, टेबलाखाली शोधलं. भूलतज्ज्ञ बाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी गॉज सापडला तो नणंदेच्याच ट्रेमध्ये, दुसऱ्याला चिकटलेला. मोजताना तिचीच चूक झाली होती.

ती पांढरीफटक पडली. आता सर तडकले, तर तीच काय, त्या खोलीत पुन्हा कुणीही तोंड उघडणार नव्हतं. मोजायचं होतं ते हे, आणि माझ्या एकाही प्रश्नात ते नव्हतं.

सरांनी त्या दोन गॉजकडे पाहिलं. कपाळावर आठी होतीच. मग आजवर कधी कुणाला विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"सिस्टर, आता घालू टाके?"

आनंदाने मला ओरडावंसं वाटलं. नणंद होकारार्थी मान डोलावणार, एवढ्यात तिची नजर ट्रेवर गेली.

"नाही सर. एकदा चुकले ना मी, पुन्हा पहिल्यापासून मोजते."

आणि सर दोन्ही हात छातीशी धरून, तिची मोजणी संपायची वाट बघत उभे राहिले.