राजोडीच्या चिखलातलं खोबरेल

वसईच्या एका कॉलेजात एडवर्ड सर सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख होते. १९८३ साली त्यांच्या हाताखाली मटिल्डा प्रबंध करत होती. राजोडीच्या किनाऱ्यावरच्या चिखलातले जिवाणू वाढवायचे, क्लोरोफॉर्ममध्ये त्यांची चरबी उतरवायची आणि तिच्यात कोणकोणती मेदाम्लं आहेत ते शोधायचं, हे तिचं काम. सर अधूनमधून येऊन परीक्षानळी हलवून जात. त्याला ते मार्गदर्शन म्हणत.

नमुना तपासायला मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला होता, तिथल्या यंत्रावरून आलेखाचा कागद आला. त्यावर लॉरिक आम्लाचा भलामोठा सुळका होता. खोबरेलात निम्मं असतं, तेच हे आम्ल.

"म्हणजे आपला जिवाणू खोबरेल बनवतो!" सर ओरडले.

"सर, पुन्हा एकदा करून पाहू या."

"पुन्हा कशाला? आलंय ना!"

आठवड्याभरात स्थानिक साप्ताहिकाने मथळा दिला: 'आता नारळाविना खोबरेल'. कॉलेजने सत्कार ठरवला. पण बातमी जवळच्या सांडोर गावच्या नारळाच्या वाड्यांतही पोचली होती. सत्काराच्या सकाळी तिथले गंगारामभाऊ वीस-पंचवीस बागायतदार घेऊन फाटकात उभे राहिले.

"सर, आमच्या माडांचं काय करायचं? तो किडा जिथून आणलात तिथे सोडून या!"

आत मटिल्डा घाम पुसत सरांना सांगत होती, "मी नवी काचेची भांडी धुऊन सगळं परत केलं. सुळका नाही आला. सर, तुम्ही नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून हलवता. आणि केसांना..."

सरांचा हात सवयीने चपचपीत केसांतून फिरत होता. तो मध्येच थांबला. क्षणभर त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला की मटिल्डाला वाटलं, उगाच बोललो आपण.

मग सर उठले, कोट चढवला आणि फाटकावर गेले.

"बंधूंनो! वसईच्या बागायतदाराच्या पोटावर पाय देणारं विज्ञान मला नको. हे संशोधन मी आजपासून बंद करतो आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गंगारामभाऊंचे डोळे पाणावले. सत्काराला बागायतदारही बसले आणि सरांच्या त्यागावर तीन भाषणं झाली.

मटिल्डाने प्रबंधात सरळ लिहिलं: या जिवाणूत लॉरिक आम्ल नाही, आधीचा नमुना केसांच्या तेलाने दूषित झाला होता. सरांनी त्यावर सही केली. त्यांनी तो वाचलाच नव्हता.