गुपचूप आत घेतलेली शिवण

दुकान उघडलं की मास्तरीण आधी शिलाई मशीनला तेल पाजायची, मग स्वतः चहा घ्यायची. राबणाऱ्याचं तोंड आधी, असा तिचा हिशेब. शाळा तिने दुसरीपर्यंतच पाहिली. पण नवऱ्यामागे दुकान असं ताठ चालवलं की गल्ली तिला मास्तरीणच म्हणू लागली. तिची जीभ कात्रीहून धारदार, आणि दोन्हींना गंज चढलेला कोणी पाहिला नव्हता.

हल्ली मात्र चहा निम्मा उरायचा. घास घशाखाली उतरायचा नाही आणि उतरलाच तर पोटात दगडासारखा बसायचा. समोरची परटीण म्हणाली, "मास्तरीण, वाळलीस गं."

"डोळे तपासून घे," मास्तरीण म्हणाली. "हा गाऊन मीच शिवलेला. बघ, अंगाबरोबर बसतोय. माणूस खोटं बोलेल, कपडा बोलत नाही."

दुपारी मुलगा तिला दवाखान्यात घेऊन गेला. तिथला रिवाज ठरलेला. डॉक्टरीणबाई पोट दाबून बघायची आणि गोड आवाजात म्हणायची, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मास्तरीण बाहेर बाकावर बसायची. आत मुलगा, डॉक्टरीण आणि लावलेलं दार. बाकावर आणखी दोघी-तिघी तशाच. ज्यांचं दुखतं त्या बाहेर, ज्यांचं काहीच दुखत नाही ते आत. असा उलटा कारभार, आणि तोही इतक्या मायेने.

"काय म्हणाली?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"पोटात फोड आहे गं. सोमवारी छोटंसं ऑपरेशन, की झालं."

"छोटंसं, तर एवढा घाम का पुसतोस?"

"ऊन किती आहे!"

आभाळ गच्च भरून आलं होतं. एरवी तिने त्याला तिथेच सोलून काढलं असतं. पण भांडायलाही अंगात जोर लागतो.

घरात शिरली की बोलणी तुटायची. जाऊबाई भेटायला आली, तर मास्तरणीला समोर बसवून सुनेला विचारते, "यांना जेवण जातं का?" लग्न माझं आणि आवतण सगळ्या गावाला, मी सोडून, असं मास्तरणीच्या मनात आलं, पण ती उशी ओढून आडवी झाली.

संध्याकाळी गाऊनची बाही खिळ्याला अडकून उसवली. टाका घालायला तिने गाऊन उलटा केला आणि हात थांबला. दोन्ही बाजूंची शिवण आत घेतलेली होती. जास्तीचं कापड आत नीट दुमडून इस्त्री केलेलं. तिने दुसरा गाऊन काढला. तोही तसाच, आणखी थोडा आत.

"सूनबाई, इकडे ये."

सून पदराला हात पुसत आली आणि दारातच थबकली.

"ही टीप कुणाची?"

"मला काय माहीत, आई..."

"टीप संपताना मशीन पुढे-मागे कोण फिरवतं? ती खोड मीच लावली तुला. बोल."

सून रडायला लागली. "यांनी सांगितलं. कपडे ढिले झालेले कळले तर तुम्ही खचाल म्हणाले. तुम्ही झोपलात की मी..."

"आणि मला झालंय काय?"

"कॅन्सर म्हणतात, आई."

मास्तरीण बराच वेळ शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "शिवण सरळ आलीय." आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात डॉक्टरणीसमोरच्या खुर्चीत बसली. मुलगा धापा टाकत मागून आला.

"आजी, तुम्ही जरा बाहेर..."

"आज हा बसेल. जा रे. बाक गरम आहे, मीच करून ठेवलाय."

दार लागलं. डॉक्टरीण खाली बघत म्हणाली, "घरच्यांनीच सांगू नका म्हटलं होतं."

"बाई, गिऱ्हाईक बाई माझ्या दारात उभी असताना मी तिच्या भावाला विचारून कापड बेतत नाही. गळा केवढा ठेवायचा ते तीच सांगते. मला पटलं नाही तर मी तोंडावर सांगते. पण तिला विचारल्याशिवाय कात्री लावत नाही. बोला."

मग डॉक्टरीण बोलली. पहिल्यांदा आलात तेव्हा गाठ लहान होती, कापून काढता आली असती. मुलगा म्हणाला, आईला चाकूची भीती वाटते, गोळ्यांवर बघू. आता ती पसरलीय. ऑपरेशनने अन्नाला काही काळ वाट मिळेल, गाठ जाणार नाही. नंतर जड औषधं, बिछाना. नाहीतर घरीच राहून दुखणं आवरत ठेवायचं.

चाकूची भीती! जिच्या हातातून जन्मात कात्री सुटली नाही, तिला.

"तेव्हा मला विचारलं असतं, तर मी हो म्हणाले असते," मास्तरीण हळूच म्हणाली. "सोमवारचं राहू द्या. दुखणं आवरायचं औषध द्या. उद्या मन बदललं, तर तेही मीच येऊन सांगेन. आता त्याला आत बोलवा. मी त्याला बाहेर ठेवणार नाही."

मुलगा आला आणि तिच्या गुडघ्याशी कोसळला. "तुला धक्का बसू नये म्हणून गं..."

"माहीत आहे." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मायेनेच केलंत. पण ती भीती माझ्या वाट्याची होती, बाळा. ती तुम्ही वाटून खाल्लीत आणि तिच्याबरोबर माझा होकारही."

घरी आल्यावर तिने सगळे गाऊन सुनेपुढे टाकले. "उसव."

"ढगळ दिसतील, आई."

"दिसू देत."

सकाळी मशीनला तेल पाजून ती तशाच ढगळ गाऊनमध्ये दुकानात बसली. बाही सारखी मनगटावर घसरत होती. परटीण माप द्यायला आली आणि बघतच राहिली. "अगं, कपडे किती सैल झालेत!"

"कपडे तेवढेच आहेत. मी आटतेय. कॅन्सर आहे मला. हात वर कर, छाती मोजू दे."

परटिणीने हात वर केला नाही. तिचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या सासूबाईंना काय झालंय ते... आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही."

मास्तरणीने टेप गळ्यात टाकला आणि तिच्याकडे पाहिलं.

"मग इथे कशाला उभी आहेस? जा. माप उद्याही घेता येईल."